गाठीतला वास

गेल्या महिन्यात कपाटावरची बॅग उतरवली आणि आईचा स्वेटर हाताला लागला. हाताला लागला म्हणणं तितकंसं खरं नाही. तो तिथे आहे हे मला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच ती बॅग मी इतके दिवस उतरवत नव्हते. विटकरी रंगाचा, कोपरांशी पातळ झालेला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. आई गेली त्या आठवड्यात तो मी पिशवीत घातला होता आणि पिशवीच्या तोंडाला गाठ मारली होती. पहिल्या वर्षात ती गाठ बऱ्याचदा सोडली, पुन्हा मारली. मग एकदा ठरवलं की आता उघडायची नाही. त्यालाही तीन वर्षं झाली. या वेळी गाठ नखांना दाद देत नव्हती. सुटली तेव्हा पलंगाच्या कडेला बसून स्वेटर तोंडाशी धरला आणि खोल श्वास घेतला. प्लास्टिकचा वास आला. त्याच्या मागून बंद बॅगेचा कुबट वास. पुन्हा घेतला, मानेपाशी घेतला, बाहीच्या आत नाक खुपसून घेतला. आई नव्हती.

तो तसाच पलंगावर टाकून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागे वळले तर मनी स्वेटरवर चढली होती. मनी आमच्याकडे आली ती आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, त्यामुळे दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. तिने आधी बाही हुंगली, मग नाक कापडाला जवळजवळ टेकवत उजव्या काखेपर्यंत गेली आणि तिथे थबकली. बराच वेळ हुंगत राहिली, जिभेचं टोक एकदा लोकरीला लावलं. मग मान उचलली, वरचा ओठ आक्रसला, तोंड अर्धवट उघडं राहिलं, डोळे कुठेतरी लांब लागले. एखाद्या घाण वासाने माणसाचा चेहरा होतो, अगदी तसा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला जोरात हाकललं, स्वेटर ओढून घेतला. रात्री धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं ताई, मांजर आहे ती. नसेल आवडला वास. एवढं काय मनाला लावून घेतेस?" आईचा वास न आवडायला काय झालं, असं मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मनीचं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या चेहऱ्याला नाव आहे हे नंतर वाचताना कळलं. जर्मन शब्द आहे, फ्लेमन. घोडा मान उंच करून वरचा ओठ उलटा दुमडतो आणि हसल्यासारखा दिसतो, तो हाच. बोकड, बैल, मेंढा, वाघ, सिंह, सगळे असं तोंड करतात, बहुतेकदा मादीचं मूत हुंगल्यावर. त्यात किळस नसते. एखादी गोष्ट नीट वाचायची असली की ती उजेडात धरावी, तसा हा प्रकार आहे. नाकाने हाती आलेला मजकूर पुरेसा वाटला नाही की प्राणी तो दुसऱ्या अवयवाकडे पाठवतो. हा अवयव नाकाच्या पडद्याच्या तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक, द्रवाने भरलेल्या बारीक नळीसारखा असतो. लुडविग जेकबसन या डॅनिश शल्यवैद्याने १८१३मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याला जेकबसनचा अवयव म्हणतात. मांजरात त्याचा रस्ता तोंडातूनही जातो. दुसऱ्या दिवशी मनी जांभई देत असताना मी वाकून पाहिलं. वरच्या इवल्या इवल्या दातांच्या लगेच मागे, टाळूवर, डाळिंबी रंगाचा एक छोटा उंचवटा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना बारीक छिद्रं असतात. तिने मला एवढं थोडंच बघू दिलं, तोंड मिटलं आणि पाठ फिरवली. पण काखेवर जीभ टेकवून ती काय करत होती ते मला समजलं होतं. ती आईला टाळूशी लावत होती.

मी हाकललं नसतं तर किती वेळ वाचत बसली असती कोण जाणे.

नाकाला जे कळतं ते हवेत उडणारं, हलकं असावं लागतं. कापडावरून रेणू सुटतात, श्वासाबरोबर आत येतात, नाकाच्या छतावरच्या ओलसर थरात विरघळतात. म्हणजे वास येतो तेव्हा त्या माणसाच्या अंगावरचं काहीतरी, अगदी सूक्ष्म का होईना, खरोखर आपल्या आत आलेलं असतं. आवाजाचं तसं नाही, फोटोचं तर नाहीच. आणि म्हणूनच वास संपतो. मी गाठ जितक्या वेळा सोडली तितक्या वेळा आई थोडी थोडी उडून गेली, त्यातली काही माझ्या श्वासात आली आणि बाकीची खोलीत विरली. जेकबसनच्या अवयवाचं काम मात्र उडणाऱ्या रेणूंवर अडत नाही. नळीभोवतीच्या रक्तवाहिन्या आकसतात, फुगतात, त्या पंपाने द्रव आत ओढला जातो, आणि त्या द्रवातून जड रेणूसुद्धा आत जातात, प्रथिनंसुद्धा. उंदराच्या मुतात अशी प्रथिनं असतात. ती हलके वास आपल्या पोटात धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, त्यामुळे उंदीर निघून गेल्यावरही त्याचा निरोप जागेवर राहतो. हे वाचलं तेव्हा मी उठून स्वेटर पुन्हा बघून आले. हलकं होतं ते गेलं होतं. जड होतं ते लोकरीत बसून होतं, आणि ते हुंगायला माझ्याकडे काही नव्हतं.

माझ्या नाकाला मी कमी लेखत नाही. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१मध्ये उंदराच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्राण्यात, प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, वास ओळखणाऱ्या ग्राहकांच्या, म्हणजे पेशीवर बसून रेणू पकडणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं, २००४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदरात अशी हजारावर चालू जनुकं असतात, माणसात साधारण चारशे. नाकातल्या प्रत्येक चेतापेशीवर त्यातला एकच ग्राहक असतो. पण एक वास म्हणजे एक ग्राहक असं नसतं. एकाच रेणूने अनेक ग्राहक कमीजास्त जागे होतात आणि मेंदूला तो संच वासासारखा कळतो. बाराखडीसारखंच आहे हे. मोजकी अक्षरं, पण त्यांनी सगळी भाषा लिहिता येते. आईच्या वासातही किती अक्षरं असतील. काखेतल्या ग्रंथींच्या स्रावाला स्वतःचा फारसा वास नसतो, त्वचेवरचे जीवाणू तो फोडतात तेव्हा वास उठतो. म्हणजे ज्याला मी आई म्हणत होते त्यात आईबरोबर तिच्या अंगावर नांदणारी ती अदृश्य वस्तीही होती. आणि हे सगळं मेंदूच्या थॅलॅमस नावाच्या चौकीवर न थांबता थेट आत जातं, भावनांच्या आणि आठवणींच्या अगदी शेजारी. पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींना आधी ती चौकी लागते. वासाने माणूस पटकन रडतो तो बहुधा याच जवळिकीने.

एक गोष्ट वाचून मात्र मी पुस्तक मिटवलं होतं. नाकातल्या या चेतापेशी कायमच्या नसतात. काही आठवडे, काही महिने जगतात आणि मरतात, खालच्या थरातून नव्या येतात. चार वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या पलंगावर वाकून ज्या पेशींनी मी आईला शेवटचं हुंगलं त्या आता माझ्या नाकात नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. नवी पेशी आपला तंतू हाडाच्या चाळणीतून वर पाठवते आणि मेंदूच्या पुढच्या टोकाला, तिच्यासारखाच ग्राहक असलेल्या जुन्या पेशी जिथे जोडलेल्या होत्या, नेमकी तिथेच जाऊन जोडली जाते. जागा राखून ठेवलेली असते.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. कोरोनात त्याचा वास पूर्ण गेला होता. आई जाण्याआधीची गोष्ट. साबण, धूर, पावसात भिजलेली माती, स्वतःच्या मुलीचे केस, काही म्हणजे काही येत नव्हतं. "स्वतःच्याच घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं गं," असं तो त्या वेळी म्हणायचा, आणि मला ते तेव्हा अतिशयोक्त वाटायचं. त्या विषाणूने चेतापेशींवर थेट हल्ला केलाच नव्हता असं नंतर दिसून आलं; त्यांच्या आजूबाजूच्या, त्यांना आधार देणाऱ्या पेशींमध्ये तो शिरत होता. आधार कोसळला आणि वास गेला. भावाचा वास हळूहळू परतला, पण आधी वेडावाकडा परतला. साबणाला जळल्याचा वास यायचा. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा तो श्वास रोखायचा. आईचाही वास बदललेला निघेल या भीतीने, हे त्याने मला पहिल्यांदाच त्या फोनवर सांगितलं.

आपण काय काय गमावलंय याचा हिशोब जनुकांत लिहिलेला आहे. जेकबसनच्या अवयवातल्या चेतापेशींना निरोप पुढे पाठवायला टीआरपीसी-२ नावाचं एक दार लागतं. ते बनवणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. फक्त आपल्यातच नाही. चिंपांझी, गोरिला, आफ्रिका-आशियातली माकडं, सगळ्यांत ते मोडलेलं आहे, म्हणजे काही कोटी वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी सामायिक पूर्वजाच्या काळातच त्याचा उपयोग संपत आला होता. इतरांनी वेगळं गमावलं, वेगळं कमावलं. डॉल्फिनच्या मेंदूत वासाचे निरोप घेणारा कंदच उरला नाही. आफ्रिकन हत्तीत वासाच्या ग्राहकांची जवळजवळ दोन हजार चालू जनुकं निघाली, कुत्र्याच्या दुपटीहून जास्त. नाकावर तारा असलेला, चिचुंदरीसारखा दिसणारा मोल नावाचा एक प्राणी पाण्याखाली बुडबुडा सोडून तोच परत आत ओढतो आणि पाण्यातला वास घेतो. आपल्या प्रौढ नाकाच्या पडद्यावर पुष्कळदा एक लहानसा खळगा असतो, पण त्याला मेंदूशी जोडणारा तंतू नाही. मात्र माणसाच्या गर्भात हा अवयव तयार होतो. काही आठवडे असतो आणि मग विरत जातो. म्हणजे माझ्याकडेही तो होता. आईच्या पोटात असताना होता.

फेरोमोन हा शब्द या सगळ्यात सारखा भेटतो. पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी तो १९५९मध्ये घडवला, आणि त्याच वर्षी अडॉल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या मादीचा तो रेणू वेगळा काढला, पाच लाख पतंग खर्ची घालून. आशियाई हत्तीण माजावर येण्याआधी तिच्या मुतात जो रेणू वाढतो तो १९९६मध्ये ओळखला गेला, आणि शंभरावर जातींच्या पतंगांच्या माद्या नराला बोलवायला तोच रेणू वापरतात असं निघालं. पण फेरोमोन हा त्या जातीतल्या सगळ्यांना सारखाच लागू पडणारा हुकूम असतो. अमुक एका हत्तिणीची ओळख त्यात नसते. व्यक्तीचा वास ही वेगळी गोष्ट, ती सही असते. लोक या दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकतात आणि माणसाचं फेरोमोन म्हणून अत्तराच्या बाटल्या विकतात. माणसात असा एकही रेणू आजवर सिद्ध झालेला नाही. मला त्या बाटल्यांचा मनापासून राग येतो, कारण खरं जे आहे ते त्याहून किती मोठं आहे.

सशाच्या पिल्लांचंच बघा. युरोपातली रानटी सशीण बिळात पिल्लं घालते, त्यांच्यावर स्वतःच्या पोटाची लव उपटून पांघरते आणि निघून जाते. दिवसातून एकदाच येते. तीन-चार मिनिटं त्यांच्यावर उभी राहते, बसतसुद्धा नाही, आणि पुन्हा जाते. पिल्लांचे डोळे मिटलेले, कान बंद. त्या तीन-चार मिनिटांत अंधारात आचळ सापडलं नाही तर दिवस उपाशी, आणि दोन दिवस चुकलं तर संपलंच. तरी ती काही सेकंदांत सापडवतात. डोकं झपझप डावीउजवीकडे फिरवत तिच्या लवेत घुसतात आणि तोंड मारतात. आईच्या दुधातला एकच रेणू हे घडवून आणतो. २००३मध्ये त्याची ओळख पटली. काचेच्या कांडीच्या टोकाला तो लावून समोर धरला तरी पिल्लं तिला आचळासारखी पकडतात. आणि गंमत अशी की हे काम जेकबसनचा अवयव करत नाही, साधं नाक करतं. पिल्लू शिकलेलं नसतं, त्याने आईला पाहिलेलं नसतं. हुकूम येतो आणि ते जगतं.

माझा मुलगा झाला तेव्हा नर्सने त्याला पुसून-बिसून न घेता माझ्या छातीवर ठेवलं. तो रडायचा थांबला, मग डोकं हलवायला लागला. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गाल माझ्या अंगावर घासत, डावीउजवीकडे. मला वाटलं त्याला मान सावरत नाहीये. आता सशांबद्दल वाचताना ती मान आठवते. एडन मॅकफर्लेन यांनी १९७५मध्ये दाखवलं होतं की काही दिवसांच्या बाळाच्या दोन्ही गालांशी दोन कापडी पट्ट्या धरल्या, एक त्याच्या आईच्या छातीची आणि एक दुसऱ्या बाईच्या, तर ते आपल्या आईच्या पट्टीकडे जास्त वेळ तोंड वळवतं. इथे मात्र हुकूम नाही, सही आहे. आई शेजारी उभी होती. ती वाकली आणि तिने त्याची टाळू हुंगली. मराठीत तोंडातल्या छतालाही टाळू म्हणतात आणि बाळाच्या डोक्यावरच्या त्या मऊ, धडधडणाऱ्या जागेलाही. आईने डोळे मिटले होते. "तुझाच वास येतोय," ती म्हणाली. मी तिला विचारलं होतं, तुला आठवतो माझा वास? ती हसली फक्त.

मेंढीला आपलं कोकरू वासाने ओळखायला जन्मानंतरचे पहिले दोन-एक तास मिळतात. त्या वेळात ती त्याला चाटत असते, आणि एकदा ओळख पक्की झाली की दुसऱ्याचं कोकरू जवळ आलं तर डोक्याने ढकलून देते. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि कळपात एखादं पोरकं असलं की मेंढपाळ मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्याच्या अंगावर चढवतात. मेंढी हुंगते आणि त्याला पिऊ देते. दोन-तीन दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं, तोवर तिने त्यालाही आपलं मानलेलं असतं. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. कारण आई गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत एका रात्री तो विटकरी स्वेटर मी अंगात घातला होता. घालून झोपले. फार बरं वाटलं होतं, कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली होती. सकाळी काढून हुंगला तर अर्धी आई, अर्धी मी. त्या दिवशी घाबरून जी गाठ मारली ती शेवटची. मेंढीला ठाऊक नसतं की कातडं कुणाचं आहे. मला ठाऊक होतं आणि तरी मी ते माझ्या वासाने पुसलं.

शेवटच्या वर्षात आईचा वास बदलला होता, हेही इथे लिहायला हवं. मिठी मारली की मानेशी काहीतरी वेगळं यायचं, थोडं गोडसर, थोडं धातूसारखं. औषधं बदलली असतील म्हणून मी सोडून दिलं. स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न नावाच्या नर्सची हकिकत मला खूप नंतर कळली. तिच्या नवऱ्याचा वास बदलून कस्तुरीसारखा उग्र झाला आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी त्याला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. पुढे रुग्णांच्या मेळाव्यात तोच वास सगळ्यांच्या अंगाला येताना पाहून तिला संबंध लागला. एडिंबरा विद्यापीठात टिलो कुनाथ यांनी तिला बारा जणांचे वापरलेले टी-शर्ट हुंगायला दिले, सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे. सहाही रुग्ण तिने ओळखले. निरोग्यांपैकी एकाला तिने आजारी म्हटलं, आणि काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन निघाला. तिचं नाक बरोबर होतं. आईला पार्किन्सन नव्हता, आणि वास ओळखून मी काही वेगळं करू शकले असते असंही नाही. पण माझ्या नाकाने मला काहीतरी सांगितलं होतं आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे टोचत राहतं.

परवा भाऊ आला होता. चहापाणी बाजूला ठेवून तो म्हणाला, "आण तो स्वेटर." मी आणला. त्याने बाही नाही, मान नाही, सरळ उजवी काख तोंडाशी धरली. मनीनेही तीच निवडली होती. तो डोळे मिटून छोटे छोटे श्वास घेत होता, वास परत आणायच्या व्यायामात शिकला होता तसे. मग म्हणाला, "आहे गं ताई. थोडीशी आहे." मी त्याच्या हातातून घेऊन नेमकं तिथेच हुंगलं. मला लोकर आली. एकाच आईबापाची मुलं असली तरी चारशेच्या चारशे ग्राहक दोघांना सारखे मिळत नाहीत. नर डुकराच्या लाळेतला एक रेणू काही माणसांना घामट घाण येतो, काहींना गोड येतो आणि काहींना येतच नाही, आणि त्या फरकात एका जनुकाचाही हात आहे. त्यामुळे तो खरं बोलत असणं शक्य आहे. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असणंही शक्य आहे. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याचं नाक लाल झालं होतं. मला हेवा वाटला, आणि तो वाटत असतानाच फार हलकंही वाटलं.

तेवढ्यात मनी आली. उडी मारून भावाच्या मांडीवर, स्वेटरपर्यंत. त्याने तिला बाजूला करायला हात उचलला. "राहू दे," मी म्हणाले. तिने काख हुंगली, मान वर केली, ओठ आक्रसला, तोंड अर्धवट उघडं. आम्ही दोघं श्वास धरून तिच्याकडे बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तिने तोंड मिटलं आणि गाल लोकरीवर घासला, आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. मांजर गाल घासते तेव्हा तिथे स्वतःचा वास लावून ठेवते, हे मला माहीत होतं. मी तिला थांबवलं नाही.

जाताना भावाने स्वेटरची घडी केली, पिशवीत घातला आणि पिशवीची दोन टोकं माझ्यापुढे धरली. "मार गाठ."

मी पिशवी तशीच खुर्चीवर ठेवली.